खांदा उत्तम आहे, मामा

मनामा, बहरीन
१२ मार्च १९८२

तीर्थस्वरूप नानामामांस दत्तप्रसादचा वाकून नमस्कार. (सध्या जेवढं वाकता येतं तेवढाच.)

तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि वाईकडचं सगळं ठीक असेल असं धरून चालतो. अक्षर वळणदार दिसलं म्हणून दचकू नका. मी सांगतोय, उल्का लिहितेय. ऑफिसात लिहिण्याचं काम फार झालं, म्हणून हाताला जरा विश्रांती. (कंसातलं सगळं माझं, मामा. मध्ये बोलणार नाही असं कबूल केलंय, म्हणून कंसात. – उल्का) खांदा उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या बेसबॉल फायनलला माझा उजवा खांदा निखळला, तो तुम्ही ओसरीवर बसवलात आणि 'पुन्हा चेंडू फेकलास तर माझ्या दारात येऊ नकोस' असं बजावलंत. हाडवैद्याचा शब्द मी पाळला. अकरा वर्षं कुत्र्यावर साधा दगड उगारला नाही. (खरं आहे. घरातला पसारासुद्धा उचलला नाही.) पण माणसाने कॅरम तरी किती खेळायचा? इथे सलमाबादच्या आमच्या गोदामाची टीम निघाली, समोर एका अमेरिकन कंत्राटदाराची माणसं, आणि आमच्यात बेसबॉल खेळलेला मी एकटा. बाकी सगळे क्रिकेटवाले. आमचा क्रेनवाला उस्मान, मोठा गुणी माणूस, पण चेंडू मारला की बॅट घेऊनच धावतो. बॅट टाकून पळायचं असतं हे मी त्याला महिनाभर शिकवलं. तो म्हणायचा, 'साब, सामान छोड के कौन भागता है?'

मी म्हटलं, आपण लांब उभं राहावं, जिथे चेंडू येतच नाही. या अटीवर उल्काने परवानगी दिली. (मागितलीच नव्हती. बॅगेत ग्लव्ह दिसला, म्हणून मी मागोमाग टॅक्सी करून गेले.) शेवटचा डाव, दोघांचे गुण सारखे, आणि नेमका चेंडू माझ्याकडेच आला. त्यांचा एक धिप्पाड गडी होम प्लेटकडे, म्हणजे शेवटच्या ठाण्याकडे सुटला. मामा, तुमची ताकीद मला आठवली, पण चेंडू हातातून सुटल्यावर. चेंडू सरळ गेला, कुठे टप्पा नाही की काही नाही, आणि होम प्लेटवर उस्मानच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसला. गडी अजून चार पावलं लांब. उस्मानने त्याला नुसता चेंडू लावायचा होता, की गडी बाद. पण तो जन्माचा विकेटकीपर! त्याने नसलेले स्टंप उडवले, दोन्ही हात वर केले आणि पंचाकडे वळून 'हाउज दॅट!' म्हणून गर्जना केली. पंच अमेरिकन, त्याला हा काय विचारतोय तेच कळेना. तेवढ्यात तो गडी उस्मानच्या मागून सावकाश चालत घरी पोचला. खलास. एका धावेने हरलो.

मला दुःख नाही. खेळ म्हटला की चालायचंच. (तीन दिवस जेवले नाहीत.) बाकी सर्व कुशल. मामींना नमस्कार.

तुमचा,
दत्तप्रसाद

ता.क. उल्काने ग्लव्ह ट्रंकेत घालून कुलूप लावलंय. तुमचं पत्र आल्याशिवाय काढणार नाही म्हणते. तेव्हा 'खेळायला हरकत नाही' एवढी एकच ओळ टाकावी. कार्डावर भागेल.

आणखी एक ता.क. हे आता बाहेर गेलेत, म्हणून कंसाशिवाय लिहिते. मामा, खांदा उत्तम नाही. चेंडू उस्मानकडे पोचला तेव्हा हे वाळूत बसले होते. हात गळ्यात आहे, शर्टाची बटणं मी लावते. इथले डॉक्टर म्हणतात, दीड महिना हात हलवायचा नाही. तेव्हा तुम्ही 'नाही' असंच लिहा, चांगलं खरमरीत लिहा. पण मामा, तो चेंडू मी पाहिला. हात लोंबतोय आणि माणूस हसतोय! लग्नाला सात वर्षं झाली, यांना इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून 'कधीच नाही' असं लिहू नका. 'दीड महिना नाही' एवढंच लिहा. तोवर उस्मानला चेंडू लावायला मी शिकवते.