घडी न मोडलेला टॉवेल

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. (लिहायला सोपा म्हणून लिहितो. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल.) तुमचा गुडघा, ताईची साखर आणि जांबचं पाणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे साधना बरी आहे. मी थकलो आहे, पण ते नेहमीचंच. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुमचा फोन ताई उचलते, स्पीकरवर घेते, आणि तिला कळलेलं साधनाला संध्याकाळच्या आत कळतं. पत्र मात्र ती लाइटबिल समजून न उघडता तुमच्या उशाशी ठेवते, हे मी पाहिलं आहे.

यंदा शाळेत एक नवा तक्ता आला आहे. शिक्षकाने गावकऱ्यांबरोबरचा रोजचा एक अर्थपूर्ण क्षण लिहायचा, चाळीस शब्दांत. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याजवळ असे चाळीस शब्द साठलेले नाहीत. शाळा उघडल्यापासून माझ्या रकान्यात एकच मजकूर आहे: लालमियाँ आले, पायरीवर बसले, गेले. वरून शेरा आला, क्षण स्पष्ट करावा. तक्त्यात तो करता येणार नाही. तुमच्यापाशी करतो.

लालमियाँ आमच्या गावचे सुतार. (छकुलीच्या लग्नातल्या दिवाणावर तुम्ही दोनदा हात फिरवला होता. तो त्यांच्या हातचा.) त्यांची नात अर्शिया माझ्याकडे चौथीत आहे. ती पाळण्यात असताना त्यांची बायको कमरबी वारली. कमरबीला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. बँकेच्या खात्यासाठी एकदा काढावा लागला, त्यातली एक प्रत उरली. ती एप्रिलमध्ये लालमियाँनी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाले, "सर, तुम्ही नव्या जालन्याला जाता. मोठा करून आणा. भिंतीवर लावायचा न्हाई, पेटीत ठेवायचा. छोकरीनं दादी बघितलीच न्हाई." फोटो दुमडू नये म्हणून मी तो कपाटातल्या एका कोऱ्या टॉवेलच्या घडीत ठेवला. एवढी काळजी मी स्वतःच्या सेवापुस्तकाची घेतलेली नाही.

पुढचं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे. गावातल्या गोरक्षनाथच्या मुलीचं, छकुलीचं, लग्न आलं. साधनाने नेमका तोच टॉवेल, वर टोपी ठेवून, गोरक्षनाथला आहेर केला. त्याने तो बाकीच्या आहेरांच्या ढिगात टाकला, आणि त्याच ढिगातून माइकवर नावं पुकारून अकरा जणांचा सत्कार झाला. (मी तेव्हा पंगतीत वरण वाढत होतो.) आहेराच्या टॉवेलने अंग पुसलेला माणूस मी आपल्या भागात पाहिलेला नाही. तो टॉवेल पुढे जातो. माझ्या साखरपुड्यात मी दिलेली एक टोपी मला तीन वर्षांनी परत मिळाली होती. डाग ओळखीचा होता.

फोटो आठवला तो लग्नानंतर पंधरा दिवसांनी. गोरक्षनाथकडे धावलो. "ओ सर, तुमचा टॉवेल तवाच पुढं गेल्ता," तो म्हणाला. "ठेवून काय लोणचं घालू?" कोणाकोणाला दिले ते विचारलं. त्याने बोटांवर मोजत दहा नावं सांगितली. अकरावं त्याला आठवेना, त्याच्या बायकोला आठवेना, माइक धरणाऱ्यालाही आठवेना.

तेव्हापासून मी घरोघर जातो आहे. शिक्षकाने एखाद्याच्या घरी जाऊन टॉवेल दाखवा असं कसं म्हणावं? मी हातात पटनोंदणीचा कागद धरतो, चहा पितो, विषय लग्नाकडे नेतो, तिथून सत्काराकडे. पहिल्या दोन घरी हे जमलं. दोन्ही घड्या रिकाम्या होत्या. तिसरं घर इंद्रभानचं. तिथे त्याच्या आईने, गोपिकाबाईंनी, मला मध्येच तोडलं. "इंद्रभान, अरे सरांचा सत्कार राह्यला की त्या दिवशी! किती दिवसांचं मनात धरून बसलेत बिचारे." आणि इंद्रभानने मिळालेलाच टॉवेल मला दिला, वर टोपी घातली. गावात बातमी फिरली. आता मी जाईन तिथे माझा सत्कार होतो. नऊ घरं झाली, सात टॉवेल आले. सगळे उघडले, झटकले. साधना विचारते, एवढं काय शिकवलंत तुम्ही? मी टॉवेलांच्या घड्या घालतो.

लालमियाँ रोज अर्शियाला सोडायला येतात. प्रार्थना संपेपर्यंत पायरीवर बसतात. सोयाबीनचं विचारतात, माझ्या पाठीचं विचारतात. फोटोचं विचारत नाहीत. मीच न राहवून सांगितलं, स्टुडिओतलं मशीन बंद आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, कागद संपलाय. ते म्हणाले, "काय जल्दी न्हाई सर. बिलकुल न्हाई. आठ साल झाले तिला जाऊन. आता कुठं जाती?" आणि उठून, बसले होते ती जागा हाताने झटकून, गेले. हा क्षण अर्थपूर्ण आहे का, मला कळत नाही. त्यानंतरच्या तासाला मला भागाकार शिकवता येत नाही, एवढं कळतं.

ताईला नमस्कार. लहान मंडळी मोबाइलवरून मान वर करतील तेव्हा त्यांना आशीर्वाद.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. आता काम. गोरक्षनाथच्या यादीतलं दहावं नाव तुमचं आहे. "सरांचे दाजी" म्हणून पुकारलं होतं. तो टॉवेल काढा आणि ताई देवळात गेली असताना घडी उघडा. फोटो सापडला तर पोस्टाने पाठवू नका, मी येतो. टॉवेल पुढे गेला असेल तर कोणाकडे, ते मोकळेपणाने कळवा. मी तिथेही सत्कार करून घेईन.

ता. क. दोन. पाकीट चिकटवणार तोच लालमियाँ आले. आज बसले नाहीत. पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. "सगळं गाव देऊन राह्यलं सर, आन् ज्याच्या कामासाठी तुम्ही जालन्याला खेटे घालून राह्यले त्यानंच दिला न्हाई. बराबर दिसत न्हाई ते. दिवाण बनवला म्हणून गोरक्षनाथनं दिल्ता हा. कोराच आहे, घडी मोडली न्हाई." अर्शियाने टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, त्यांनी टोपी घातली.

ते गेल्यावर घडी उघडली. कमरबी होती. कोपराही दुमडलेला नव्हता. इतके दिवस ती स्वतःच्याच घरी होती.

सोमवारी रजा टाकून जालन्याला जातो. आजच्या रकान्यात लिहिलं: लालमियाँ आले, टॉवेल दिला, गेले. शेरा आला तरी स्पष्ट करणार नाही. तुमच्या टॉवेलचं आता काही काम नाही. पण तो पुढे देऊ नका, दाजी. अंग पुसा.