अप्पांनी नाटक बघावं म्हणून

२७ जानेवारी, मंगळवार

महारुद्रनं आज तालमीत पुन्हा छाती बडवली!

कितीदा सांगितलं – या प्रवेशात बाप रडत नाही. मेलेल्या पोराच्या चपला दारात वेड्यावाकड्या पडल्यात, तो वाकून त्या सरळ करतो. बास. एवढंच करायचंय. तर हा गुडघ्यावर पडून "देवा, का नेलंस रे!" ओरडतो. असलं वाक्य मी लिहिलेलंच नाही! कुठून आणलंस विचारलं तर म्हणे, "ताई, मागं बसलेल्याला कळाया पायजे की. चपला कोण बघतंय?"

हायवेवर ढाबा चालवतो. ट्रकवाल्याला जेवायला हाक मारावी तसं दुःख करतो. दोन वर्षं नाट्यशास्त्र शिकून गावी आले ती यासाठी?

२९ जानेवारी, गुरुवार

जेवताना धीर करून सांगितलं. "अप्पा, यंदा जत्रेतलं नाटक मी लिहिलंय. बसवतेय पण मीच. तुम्ही या."

"बरं." मग अव्वाकडं वळून, "मोटर बंद केली का?"

झालं. संपला विषय.

नाटक कशावर आहे ते त्यांना ठाऊक आहे. सगळ्या जळकोटला ठाऊक आहे. मुलाचं नाव किरण ठेवलं म्हणून काय झालं! सोयाबीनची पिकअप घेऊन सोलापूरला निघालेला मुलगा, नळदुर्गच्या अलीकडं समोरून ट्रक – आमच्या विरेशदादाशिवाय कोण? चार वर्षं झाली. या घरात ना आई ना बाप, कुणी त्याचं नाव घेत नाही. त्याचा फोटो अव्वानं आतल्या खोलीत लावलाय, आणि अप्पा त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. आडतीचं दुकान, जेवण, झोप. एकदा बोला ना! रडा, मला शिव्या घाला, काहीही करा. तोंडावर विचारायची माझी छाती होत नाही, म्हणून तर लिहिलं.

अव्वा भांडी घासता घासता म्हणाली, "कशाला खपली काढायलीस? ह्यांस्नी सोसंल का?"

म्हटलं, तुला सोसतंय का हे असं? तिनं नळ मोठा केला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जत्रा कमिटीच्या गुंडप्पा काकांशी कडाक्याचं भांडण. विषय – बक्षीस!

आमच्याकडं नाटक चालू असताना कुणाला काही आवडलं की तो उठतो, स्टेजपाशी जाऊन नोट देतो, आणि काका जागच्या जागी माईकवर नाव पुकारतात. मागच्या वर्षी हीरोनं प्राण सोडला आणि त्याच क्षणाला – "सरपंचांच्या मेहुण्यांकडून एकशे एक रुपये!" मेलेला हीरो उठला, नमस्कार केला, परत आडवा होऊन मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मी सांगून टाकलं, पडदा पडेपर्यंत बक्षीस बंद. नाहीतर मी नाटकच मागं घेते.

"बक्षीस न्हाय तर नाटक कसलं, पोरी? माणसाला आतून काय वाटलं तर त्यानं सांगायचं कसं?"

"गप बसून सांगायचं, काका."

"गप बसाया घरी काय कमी जागा हाय व्हय?"

शेवटी मानले. पण चहा अर्धा ठेवून गेले. गेले तर गेले. दादाच्या मरणावर मी मेहुण्यांची नावं ऐकून घेणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

महारुद्र आज छाती न बडवता नुसता वाकला! देव पावला म्हटलं. नंतर कळलं, कंबर धरलीय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तालीम सोसायटीच्या गोदामात असते. अप्पांचा दुकानातून घरी यायचा रस्ता त्याच्यासमोरूनच जातो. हल्ली ते मारुतीच्या देवळाकडून वळसा घालून येतात. गुडघे दुखत असताना!

म्हणजे येणार नाहीत. मग मी हे कुणासाठी करतेय? चिडून आज सगळ्यांवर ओरडले. लायटिंगवाल्यावरही. त्याची काहीच चूक नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल नाटक झालं. झालं कसलं – पडलं! सपशेल!

अप्पा आले होते. इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यात मागं, जनरेटरजवळच्या खुर्चीत. विंगेतून मला दिसले. पहिला अंक हलले नाहीत. दुसऱ्या अंकात किरण निघतो. बाप पोती मोजतोय. पोरगा किल्ली उचलतो, "येतो" म्हणतो आणि ताठ चालत जातो. एकदाही मागं न बघता. हा प्रवेश मला स्वतःला फार आवडतो. आणि तिथंच अप्पा उठले. गेले. परत आलेच नाहीत.

पुढं चपला. महारुद्रनं काल पहिल्यांदा जसं हवं तसं केलं – वाकला, चपला सरळ केल्या, उभा राहिला. मला रडू आलं. आणि समोरून? काही नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, हुंदका नाही. पडदा पडला तरी नाही. पोरंबाळं, सतरंज्या उचलल्या आणि गेले सगळे. पडद्यानंतर माईकवर काका वाट बघत उभे, तर एक माणूस नोट घेऊन आला नाही.

मी मेकअपच्या खोलीत बसून रागानं रडले. आपल्याला जे वाटतं ते दुसऱ्याला वाटायला लावायचं म्हणजे नाटक, असं शिकले होते. इथं कुणाला वाटलंच नाही. एकाला वाटलं, तर तो उठून गेला. त्यांच्यापायी दोन महिने घासले आणि त्यांच्यानं शेवटपर्यंत बसवलं नाही! पुन्हा लिहिणार नाही. संपलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

महारुद्र भज्यांचा पुडा घेऊन आला. म्हटलं, सांत्वनाला आलास का?

"कसलं सांत्वन, ताई? माजा म्हातारा चपलांच्या टायमाला नोट घिऊन स्टेजपातूर आलावता. तसाच माघारी गेला. लई जण नोटा मुठीत धरून बसलीवती. बक्षीस द्यावं तर तुमी बंद केलेलं, आन पडदा पडल्यावर द्यायची आपल्यात रीत न्हाय. टाळी वाजवावी तर कुणाचं मरण हाय ते समद्यांस्नी ठावं. काय करावं कळंना कुणाला. ढाब्यावर अजून त्येच बोलायलेत."

भजी गार झाली. म्हणजे मीच लोकांची तोंडं बांधली आणि वर बोंब मारत बसले की बोलत नाहीत म्हणून. काकांना काय तोंड दाखवू?

पण अप्पांचं तोंड मी कुठं बांधलं होतं? तीन दिवस झाले, माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. नाटकाच्या आधी निदान मोटरचं तरी बोलायचे. होतं तेही घालवलं मी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अप्पा दुकानाला निघाले आणि उंबऱ्यात थांबले. पाठ माझ्याकडं.

"विरेश असा गेला न्हवता."

मला आधी कळेचना, कुणाचं नाव घेतलं ते.

"तू त्याला सरळ जाऊ दिलंस. तसं न्हाय झालं. त्यो भाईर पडल्यावर म्या मागनं हाक मारली. निघालेल्याला मारू न्हाय, तरी मारली."

"कशाला, अप्पा?"

"कशाला न्हाय. लई चांगलं दिसायलं हुतं पोरगं, म्हणून. अजून एकदा बगावं म्हणलं." चप्पल घालायला त्यांनी दाराचा आधार घेतला. "ते घाल नाटकात."