तोंडं हलवणारं मंडळ

बुवा, तुमच्या भजनी मंडळाची मला किळस आलीय. समोर असतात तर हे ऐकून झांज फेकून मारली असती तुम्ही. पण तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून माझी जीभ चालतेय.

कुवेतला, मंगफच्या त्या फ्लॅटात आपण सात जण होतो. तुम्ही वेल्डर, मी एसी मेकॅनिक, बाकी प्लंबर नि सुतार. गुरुवारी संध्याकाळी आंघोळी करून बसायचो. आवाज झाला की खालचा रखवालदार वर येऊन बोंबलायचा, म्हणून झांजांना टॉवेल, पखवाजाखाली उशी. आधी अभंग, मग गौळण, आणि गळे तापले की भातलावणीची गाणी. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसरा यायचा, पण जागा गाणाऱ्या गळ्यानेच भरायची हा तुमचा कायदा. एकदा मी खाटेखाली टेप चालू करून ठेवला. तुमच्या शिव्या पकडायच्या आणि जेवताना सगळ्यांना ऐकवायच्या, असा बेत. नेमका त्याच दिवशी माझा घसा बसलेला. कोरसात मी नुसते ओठ हलवत बसलो. तुम्ही भजन मध्येच तोडलंत. "रे मेल्या, नुसता त्वांड हलयतंस? गळो काय गावाक ठेवन इलंस? देवाक फसयलंस तर तो बघीत काय ता. बाजूक बसलेल्याक फसवू नको!" मग त्या फाटक्या आवाजात मला एकट्याला गायला लावलंत. सगळे फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी स्वतःची झांज आणून माझ्या हातात दिलीत, टॉवेलासकट. का, ते सांगितलं नाहीत. मीपण विचारलं नाही.

तुम्ही गावी गेलात आणि तिकडेच संपलात. मंडळ मात्र फुगलं. पार कुवेतच्या दुसऱ्या टोकाच्या जहऱ्यापासून बोलावणी. सगळ्यांना एकसारखे चकचकीत झब्बे, मागे तुमचा फोटो आणि पुढे नवा बुवा, कानाला माइक लावलेला. मंडळात जुन्यांतला उरलो मी एकटा. गणपतीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी सेक्रेटरी म्हणतो, "स्टेजवर आवाज बसला तर नाचक्की. बुवांची कॅसेट आहे ना तुझ्याकडे? सीडी करून आण. आपण फक्त तोंडं हलवायची."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? बुवांचाच आवाज आहे की. श्रद्धांजली समज!"

मेलेल्या माणसाला राबवायचं, वर त्याला हार घालायचा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर विचारलं, मग प्रॅक्टिसला यायचं की नको. मी सीडी आणून दिली. सेक्रेटरीने गाडीत पहिली दोन मिनिटं ऐकली. "एक नंबर," म्हणाला. पुढे काय आहे ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हॉल खच्चून भरलाय. नवा बुवा डोळे मिटून, हात उंचावून तुमच्या आवाजात आळवतोय. बायका हात जोडून बसल्यात. आणि पाचव्या मिनिटाला, बुवा, तुम्ही स्पीकरमधून कडाडता, "रे मेल्या, नुसता त्वांड हलयतंस?" त्याचं तोंड उघडं ते उघडंच. पुढचं सगळं ऐकू गेलं, गावाक ठेवलेल्या गळ्यापर्यंत. सेक्रेटरीने धावत जाऊन वायर उपटली. हॉल हसून हसून लोळतोय, आणि मागून एक म्हातारा प्लंबर उठून ओरडतो, "आता गा की रे! गा!"

कुणी गायलं नाही.

माझी आयुष्यातली सगळ्यात भारी खोडी होती ती. अजून लोक टाळ्या देतात. एकच गोष्ट त्यांना ठाऊक नाही, म्हणून हा कागद तुमच्या टॉवेलात गुंडाळून ठेवतोय. ती शिवी मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, बुवा. पण ती वाजली तेव्हा माझेही ओठ नुसतेच हलत होते. आणि म्हातारा ओरडला, तेव्हा माझा घसा अगदी ठणठणीत होता.