टाचणवहीतली चिठ्ठी

नोएडा, ऑगस्ट १९९४

तीर्थस्वरूप श्रीरंगकाका,

बी.एड.च्या सराव पाठांसाठी घराजवळची शाळा ठरली होती. ऐनवेळी कॉलेजने मला इथे पाठवलं, तेव्हा मी रडलेच. म्हणून तर तुम्ही कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे माझ्या बदलीची चिठ्ठी दिलीत.

इथे चहूकडे इमारती उठताहेत आणि वर्गात त्या बांधणाऱ्यांची चौपन्न मुलं आहेत. काल मी अपूर्णांक शिकवले. सगळे गप्प. मला वाटलं, पाठ अगदी छान जमला! तेवढ्यात मागे सतरंजीवर मुलांमध्ये बसलेल्या, या वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिका त्यागी मॅडमनी हात वर केला. "मॅडमजी, मुझे समझ में नहीं आया." वीस वर्षं गणित शिकवणारी बाई! लगेच आणखी अकरा हात वर झाले. मग मी डब्यातल्या पोळीचे तुकडे करून पुन्हा शिकवलं.

नंतर मॅडम एवढंच म्हणाल्या, "बच्चे डरते हैं, तो पहले मैं पूछ लेती हूँ."

काका, तुमची चिठ्ठी मी दिलीच नाही. ती टाचणवहीत आहे, हे पत्रही तिथेच राहील. 'मला बदली नको' असं तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर होत नाही. आपल्या घरात माझ्याआधी हात वर करणारं कुणीच नाही.

तुमची पुतणी,
रुचिता