ओळखीच्या आवाजाची जीप

माकणी,
दि. २२ जून २०२५

चि. प्रसेनजित,

जय भीम. आम्ही दोघं इथं बरे आहोत. तिकडं तुम्ही सगळे खुशाल असाल.

फोनवर बोलायला गेलं की तू तापतोस, मग मीही तापतो. मागच्या वेळी तू फोन ठेवलास. म्हणून आज पोस्टातनं पाकीट आणलं. तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या लॉगबुकात गाडी कुठून कुठं गेली एवढंच लिहीत आलो, त्यामुळं पत्र कसं जमतंय कुणास ठाऊक. समजून घे.

तू विचारलंस, सहासष्टाव्या वर्षी भंगारातली जीप कशाला घेतली. कालव्याच्या कामावर एक ठेकेदार होता, त्याची ती जीप. लोहाऱ्यात त्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. टपावर कोंबड्या बसायच्या, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. पण चॅसी सरळ आहे. मी चालवायचो त्या खात्याच्या जीपच्याच सालची, इंजिन तेच, चारही चाकांना जोर देणारा फोर व्हीलचा दांडाही तिथंच. पगाराचा जो फरक उशिरा हाती आला, त्यात ती घेतली. ते पैसे तुझ्या फ्लॅटला लागले असते, असं तू म्हणाला नाहीस. पण मला ते ऐकू आलं.

बंडप्पा मिस्त्री आठवतो का? खात्याच्या गाड्या तोच बघायचा. आता त्याचं वय बहात्तर. गॅरेज पोरांनी भाड्यानं दिलं आणि तो घरापुढं लिंबाखाली बसून असतो. मी गेलो आणि म्हणालो, अप्पा, एक गाडी उभी करायची, पण पैशाची तंगी आहे. तो म्हणाला, मजुरी देऊ नको, दोन वेळचा चहा दे, बसून बसून अंगाला गंज चढलाय. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तो एसटीनं माकणीला येतो. जीप आपल्या घरामागं ओढून आणलीय, कारण मला आता घर सोडून फार वेळ कुठं जाता येत नाही.

नवं असं काही घेत नाही. रेडिएटर उमरग्याच्या भंगारातनं आणला. टायर रिमोल्ड केलेले आहेत. मागच्या फाळक्याला पत्रा लागला तो धान्याच्या जुन्या कोठीचा. ब्रेक मात्र मी चांगले करून घेतले, त्यात कसर केली नाही.

एका गोष्टीवरनं बंडप्पा माझ्यावर रुसला. त्यानं कुणाच्या तरी नव्या गाडीचा सायलेन्सर फुकटात आणला होता. लावून बघितला तर गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. मी तो काढायला लावला. मला जुनाच पाहिजे, कालव्याच्या वळणावरनं ऐकू येईल असा. तो म्हणाला, 'नाना, लोक आवाज कमी करायला पैसे देतेत, तू वाढवायला बसलास.' मी म्हणालो, सवय आहे.

आईची तब्येत बरी आहे. हाताचं प्लास्टर निघालं. न्हाणीत पडायला नको होती, पण पडली. विसरभोळेपणा तेवढा आहे, गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी ती फोनवर तुझ्याशी बोलली नाही याचा राग धरू नकोस. तिचं डोकं दुखत होतं.

तुझे,
बाबा


माकणी,
दि. ९ ऑगस्ट २०२५

चि. प्रसेनजित,

जय भीम. तुझा परवा फोन आला, बरं वाटलं. तू म्हणालास, आईला पुण्याला घेऊन या, तुमच्याच्यानं होत नाही, तिथं असताना तुम्ही तिला न्हाणीत पडू दिलं. मी पावसापाण्याचं बोलत बसलो. 'पडू दिलं' हा शब्द मात्र तेव्हापासून माझ्या कानातनं जात नाही.

ती न्हाणीत पडली नाही. माझ्या गाडीवरनं पडली.

आधीपासनं सांगतो. गेल्या दिवाळीपासनं तुझी आई संध्याकाळी घरातनं निघून जाते. साडेचार वाजले की केस विंचरते, पदर सारखा करते आणि धरणाच्या कॉलनीची वाट धरते. आता तिथं काही राहिलेलं नाही. दारं-खिडक्या लोकांनी नेल्या, पत्रे नेले, क्वार्टरच्या आत बाभळी वाढल्यात. ती आपल्या क्वार्टरच्या पायरीवर जाऊन बसते. कुणी विचारलं तर म्हणते, ह्यांची जीप यायची वेळ झाली.

पहिल्यांदा मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, 'पुतळा, मीच आलोय की.' तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. परक्या माणसापुढं घेतात तसा.

हे तुला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. घरात ती मला भाऊ म्हणते. जेवायला वाढते, भाकरी अजून एक घ्या म्हणते, सगळं मायेनं. पण मी कोण, ते तिला ठाऊक नाही. मलाही विचारायचं धाडस होत नाही. फोनवर तुझ्याशी ती बोलली नाही कारण तिच्या हिशेबानं तिचा मुलगा चौथीत आहे, आणि फोनमध्ये कुणी मोठा माणूस बोलत होता.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला त्या दिवशी ती अशीच गेली. कालव्याच्या कडेचा तो रस्ता तुला माहीत आहे. काळी माती, चार थेंब पडले की चाकाला थापा बसतात. मी मोटारसायकल काढली. ती पायरीवर भिजत बसली होती. ऐकेना, तर तिला उचलून मागं बसवली. हो, जबरदस्तीच केली. अर्ध्या वाटेवर ती उतरायला धडपडायला लागली, पुढचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं चिखलात. तिच्या मनगटाचं हाड मोडलं हे मला तिथंच कळलं. मी तिला धरायला गेलो तर ती मला ढकलत होती आणि म्हणत होती, 'आमच्या ह्यांना बोलवा कुणीतरी. ते इथंच धरणावर असतेत.' मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो होतो, प्रसेनजित. मी कुणाला बोलावणार?

शेवटी शेजारची दैवशाला पोतं डोक्यावर घेऊन पळत आली. तिचा हात धरून आई उठली. तुला न्हाणीत पडली असंच सांगायचं, हे दैवशालाला मीच बजावलं.

आता जीप कशासाठी ते तुझ्या लक्षात आलं असेल. चिखलातनं जाणारी गाडी पाहिजे हे एक. दुसरं असं की ती रिक्षात बसत नाही, कुणाच्या कारमध्ये बसत नाही, पण जीपमध्ये बसेल. कॉलनीत होतो तेव्हा मी वळणावर असतानाच ती आवाज ओळखून चहा ठेवायची. खात्यात चार जीपा होत्या, दुसऱ्या कुठल्या जीपला ती कधी फसली नाही. माझा चेहरा ती विसरली, ठीक आहे, चेहरा बदललाही आहे. आवाज विसरली नसेल.

बंडप्पाला हे मी गेल्या मंगळवारी सांगितलं. तो बराच वेळ पाना पुसत बसला. मग म्हणाला, 'आधी बोलायचं न्हाय व्हय?' आणि तो सायलेन्सर तीन वेळा काढून पुन्हा लावला, मला विचारत, असा होता का? असा होता का?

अडचण अशी की इंजिन चालू होतं, पण पुढच्या चाकांना जोर पोचत नाही. परवा रानात घालून बघितली तर मागची चाकं जागेवर फिरली आणि गाडी पोटापर्यंत बसली. बैल लावून काढली. बंडप्पा म्हणतो, आतल्या गिअरचे दात गेलेत. तसा गिअर लातूरला एकाकडं आहे. त्यासाठी तुझी जुनी सायकल विकली. तुला न विचारता.

पुण्याचं म्हणतोस, तर मी नाही म्हणत नाही. पण तिथं चौथ्या मजल्यावर साडेचार वाजले की ती कुठं जाईल, याचा विचार करून ठेव.

तुझे,
बाबा


माकणी,
दि. १२ सप्टेंबर २०२५

चि. प्रसेनजित,

जय भीम. तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागानं नाही. आवाज फुटला असता.

जीप झाली. गिअर बसला, पुढची चाकं ओढायला लागली. गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला, रात्रभर पाऊस झालेला असताना, मी आणि बंडप्पानं ती कालव्याच्या रस्त्यावर घातली. फोर व्हीलचा दांडा टाकला, आणि जिथं आम्ही पडलो होतो तिथनं ती न थांबता निघून गेली. बंडप्पा बाजूला बसून लहान पोरासारखा हसत होता. कागद व्हायचे आहेत, म्हणून हमरस्त्यावर काढत नाही, कालव्यावरच फिरवतो.

त्याच दिवशी संध्याकाळी आई कॉलनीकडं निघाली. मी तिला जाऊ दिलं. दैवशाला लांबनं तिच्या मागं होती. मी दाढी केली, खाकी शर्ट घातला. पोटावर बटण लागेना, वरची तेवढी लावली. तुला हसू येईल. मग जीप घेऊन धरणाच्या बाजूनं, पूर्वी यायचो तसाच, वळणावर आलो.

तिनं ओळखलं. मी स्वतः बघितलं. आवाज आला तशी ती पायरीवरनं उठली, पदर सारखा केला, आणि तिचं तोंड असं उजळलं की मी ते वीस वर्षांत बघितलं नव्हतं. ती चार पावलं पुढं आली. मला वाटलं, झालं, मिळाली.

मी जीप थांबवली आणि उतरलो. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं गाडीत बघितलं. पुन्हा माझ्याकडं. तिच्या तोंडावरचं सगळं गेलं.

'गाडी तर ह्यांची हाय,' ती म्हणाली. 'तुम्ही कशी आणली? त्यांना काय झालं?'

तिला वाटलं, मी वाईट सांगायला आलोय. दुसरा माणूस गाडी घेऊन दारात आला की बाई काय समजणार? हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तीन महिने बोल्ट आवळत बसलो, पण एवढं साधं डोक्यात आलं नाही.

तेव्हा मी म्हणालो, 'काय न्हाय झालं बाई. रात्रीचं पाणी सोडायचंय, साहेबांनी त्यांना थांबवून घेतलंय. उद्या येतील. तुम्हाला घरी सोडायला सांगितलंय.'

तिनं केवढा तरी श्वास सोडला. मग गुपचूप जीपमध्ये बसली. वाटेत म्हणाली, तुम्ही नवीन दिसता.

तेव्हापासनं असंच चाललंय. आता ती कॉलनीत जात नाही. साडेचारला मी मागच्या दारानं निघतो, कालव्यावरनं फेरी मारून पुढच्या दारात जीप आणतो, आणि निरोप सांगतो. आज धरणाच्या दरवाज्याचं काम निघालं. आज मोठे साहेब आलेत. ती ऐकून घेते, मला ओट्यावर बसवून चहा देते. मग डबा आणून देते, त्यांना द्या म्हणते, बाहेरचं खाऊन त्यांचं पोट बिघडतं. परवा तिनं विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? मी म्हणालो, बायको हाय. तर म्हणाली, 'मग बसू नका इथं. तीबी वाट बघत आसंल. जावा बरं घरी.'

आणि मला जावं लागतं. कालव्यावर जीप उभी करून मी तो डबा खातो. मेथीची भाजी असते, मला आवडते तशी, मिरची कमी. तिला झोप लागली की दैवशाला कडी काढते आणि मी आत येतो. सकाळी मी पुन्हा भाऊ असतो.

बंडप्पाला विचारलं, काय करू. तो म्हणाला, गाडीचं विचार, सांगतो. ह्यातलं मला कळत न्हाय.

तिचं जाणं थांबलं, ती पडत नाही, भिजत नाही, हे खरं आहे. त्यासाठीच तर गाडी केली होती. मी तक्रार कुणाकडं करू?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. आठ दिवस मनात आहे. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, तुला सुट्टी असेल. तू ये. तुला आता छत्तिसावं चालू आहे. कॉलनीतला माझा फोटो काढून बघितला, त्यात मी तुझ्याच वयाचा आहे. कपाळ, मिश्या, मान वाकडी करून उभं राहायची सवय, सगळं तुझं आहे. गाव पहिल्यापासनं म्हणतं, मी कधी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी जीप तू चालव. मी मागं बसेन. दारात थांबव आणि उतर.

कदाचित ती तुला ओळखेल, लेक म्हणून. तसं झालं तर उत्तमच. पण तसं झालं नाही, आणि तिला वाटलं ते आले, तर घाबरू नकोस आणि तिला दुरुस्त करू नकोस. ती चहा देईल, तो घे. पाण्याचं काय झालं विचारील, तर सांग, सुटलं. हात धरील, तर धरू दे. एवढंच. फार वेळ लागणार नाही. मी गाडीतच बसून राहीन.

हे तुझ्याकडं मागणं बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही. मला ते बघवेल का, हेही माहीत नाही. पण ती रोज वाट बघते, आणि मी रोज जाऊन तिला सांगतो की मी येणार नाही. यापुढं माझ्याच्यानं ते होत नाही.

उत्तर लिहू नकोस. ये.

तुझी वाट बघणारा,
तुझा बाप