चौथ्या टाकीची वाइन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा वाइनविक्री, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हात कापतो, डोकं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी लिहिलेलं सर्व रद्द समजावं.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. पाटी बदलायची असल्यास तिने खुशाल बदलावी.

२. धाकट्या भावाला बाटलीचं बूच काढायचं माझं पितळी हत्यार. ते त्याने एकदा न विचारता नेलं आणि वाकवून परत आणलं. आता त्याचंच. याखेरीज त्याला काही नाही. कारण त्याला ठाऊक आहे.

३. टेकडीकडची माझी जमीन आणि बँकेतली शिल्लक द्राक्षमळ्याच्या बागवालीला. याचं कारण लिहिणं मला भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी गाडी बिघडली म्हणून मी एका लहानशा द्राक्षमळ्यात थांबलो. नवरा-बायको दोघंच राबत. तळघरात तीन टाक्या. बागवाल्याने चहाच्या पेल्यात लाल वाइन पुढे केली. घोट घेतला आणि माझी बडबड थांबली. तलम, जिभेवर रेंगाळणारी, तोरा म्हणून नाही. किंमत शाळामास्तरालाही परवडावी अशी.

"एवढी स्वस्त कशी हो?"

"आम्हीपण हीच पितो ना," तो म्हणाला.

दुकानात ती हातोहात संपली. अजून हवी, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. माझ्या भरवशावर त्याने चौथी टाकी घेतली आणि त्याच तळघरात कशीबशी बसवली.

पुढच्या हंगामात एका सकाळी त्याचा फोन आला. रस आंबताना सुटणारा, जीव गुदमरवणारा वायू बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. "दुरुस्तीवाला परवा येतोय. तोवर खाली उतरू नका म्हणतो."

मी म्हणालो, "गिऱ्हाईक परवापर्यंत थांबतंय होय? दार उघडं ठेवा आणि पटकन उरका."

"बरं, बघतो," असं म्हणून तो हसला.

दुपारी तो चौथ्या टाकीपाशी पडलेला सापडला.

मी मयताला गेलो. फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही. टाकी किती भरली हे पाहायला तो बोटाच्या पेरांनी तीनदा वाजवायचा. ती टकटक मयतानंतर पंधरवड्याने सुरू झाली आणि अजून माझ्या दुकानात, बाटल्यांच्या मांडणीमागून येते. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. मुलगी म्हणते, उंदीर असतील. उंदीर तीनवर थांबत नाहीत.

बागवाली मळा एकटीने चालवते. हंगामाची पहिली पेटी न चुकता मला पाठवते. मी ती विकतो. एकवीस वर्षांत घोट घेतलेला नाही.

४. हे कलम आज जोडलं. बागवालीला बोलावून वकिलांसमक्ष वरचं सगळं वाचून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"फोन मीच लावून दिला होता, भाऊजी. शेजारीच उभी होते."

"मग वहिनी, कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. पेटी कशाला पाठवत होते मी?"

मग म्हणाली, "आमच्याकडची टकटक तेराव्या दिवशीच थांबली. म्हटलं, सुटले बिचारे. ते इथे होते तर."

मी हात जोडले. निदान जमीन तरी घ्या म्हणालो. तिने वकिलांना विचारलं, "साक्षीदाराला यातलं काही घेता येतं?"

"नाही," वकील म्हणाले.

"मग पेन द्या इकडे."

सबब कलम ३ निरर्थक झालं आहे. मी ते खोडत नाही.

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : ९ मार्च

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार १ : शेजारचे औषधविक्रेते (सही)
साक्षीदार २ : बागवाल्याची पत्नी (सही)