बाबांचा आवाज असलेली टेप

टोरोंटो, मार्च १९८८

प्रिय एमेट, आई, आणि गाणं चालू असताना आपल्या स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलेले तुम्ही सगळे,

तुम्हाला न विचारता तुम्हाला पुसून टाकायचं इथे ठरतंय!

आधी खुशाली. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, बहुतेक दिवशी. आईचे गुडघे कसे आहेत?

रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंना आपला घरी टेप केलेला अल्बम आवडला. म्हणाल्या, "गाणी झकास आहेत, पण मागे खुर्ची करकरते, कुणीतरी बोलतं. स्टुडिओत पुन्हा गा."

मी म्हणालो, "बोलतात ते माझे बाबा आहेत."

फ्रिजची घरघर टेपवर येऊ नये म्हणून आपण गाण्याआधी त्याचा प्लग काढायचो. एकदा, एमेट, तू तो परत लावायला विसरलास आणि शिकार करून आणलेल्या मूस हरणाचं सगळं मटण वितळलं. आईने दोन दिवस सगळ्या गल्लीला जेवू घातलं. तेव्हापासून बाबाच प्लग हातात धरून बसायचे. टेपवर तिसरं गाणं संपताच ते विचारतात, "झालं का रे गवयांनो? लावू?"

त्यांचा आवाज आता जगात तेवढाच उरलाय. ती जागा आली की मला पुढचं ऐकवत नाही. ज्या गाण्यातून घरची माणसंच हाकलायची, ते गायचं तरी कुणासाठी?

मी करारावर सही केलेली नाही. पण कंपनीचा माणूस येत्या गुरुवारी तिकडे घरी मूळ टेप 'फक्त ऐकायला' मागायला येईल. आईने त्याला कॉफी द्यावी. एमेट, तू हे पत्र मिळताच टेप हिल्डाकाकूंच्या घरी नेऊन ठेव.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत,
तुझा दादा रसेल